आजीच्या बागेचं पहिलं वर्ष: तिची झाडं जगवायची कशी, पुढे न्यायची कशी

आजी गेल्यावर तिच्या कुंड्या पुष्कळदा दोन महिन्यांच्या आत जातात. त्यात दुर्लक्षाने गेलेल्या कमी, अतिपाण्याने गेलेल्या जास्त. तेरा दिवस घर भरलेलं असतं आणि ज्याला काही सुचत नाही तो झारी उचलतो. सकाळी मावशी पाणी घालते, दुपारी धाकटा नातू, संध्याकाळी पुण्याहून आलेला मामा. माया सगळ्यांची खरी असते, पण मोगऱ्याची मुळं सडायला पाच-सहा दिवस पुरतात.

आजीच्या जागी आजोबा असोत, आत्या असो की काका, ज्या माणसाचा जीव झाडांत, पाखरांत आणि सकाळच्या उन्हातल्या चहात होता, त्याची आठवण म्हणून लोक बहुधा एखादं नवं झाड लावतात. ते जरूर लावा, पुढे त्याबद्दलही लिहिलं आहे. पण तिच्या हातची झाडं आधी. फांदीपासून केलेलं मोगऱ्याचं रोप म्हणजे मोगऱ्याचं मूल नव्हे, तोच मोगरा. तिने ज्याला पाणी घातलं तेच झाड दुसऱ्या कुंडीत, दुसऱ्या घरात वाढत असतं. म्हणून पहिल्या वर्षाचं काम एका ओळीत सांगायचं तर असं: तिचं प्रत्येक लाडकं झाड निदान तीन घरांत पोचवायचं. एका घरचं गेलं तरी दोन घरी असतं.

हे सगळं इंदूर आणि आसपासचा माळवा धरून लिहिलं आहे. इथली काळी माती, एक दिवसाआड नळाला येणारं नर्मदेचं पाणी, बोरिंगचं जड पाणी आणि जानेवारीतली थंडी यांचा हिशेब मुंबई-पुण्याच्या बागकामाच्या सल्ल्यांत नसतो.

पहिले तेरा दिवस

झारी एकाच माणसाच्या हातात द्या आणि ते घरात सगळ्यांना सांगून टाका. तो माणूस घरात सर्वांत हळवा असण्यापेक्षा सर्वांत नियमित असावा. पाणी घालायची वेळ ठरवू नका, बोट ठरवा: तर्जनी दोन पेरं मातीत घालायची, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. थंडीत हा फेरा तीन-चार दिवसांनी येतो, मे महिन्यात रोज.

झाड मलूल दिसलं की तहानलं असं धरून चालू नका. तहानलेल्या झाडाची पानं खाली झुकतात, कडा कुरकुरीत होतात, कुंडी उचलली तर हलकी लागते. बुडालेल्या झाडाची खालची पानं आधी पिवळी पडतात, देठ मऊ होतो, माती नाकाशी नेली तर आंबूस वास येतो. दोन्ही झाडं माना टाकतात, म्हणूनच चूक होते. बुडालेलं झाड वाचवायचं असेल तर कुंडी आडवी करून ठेवा, तळाचं भोक काडीने मोकळं करा, सावलीत हलवा आणि आठवडाभर थेंब घालू नका.

तुळशीची वेगळी काळजी घ्यायला हवी, कारण दिवसांच्या काळात तिच्यावर सगळ्यांची नजर असते. दूध, साखरेचं पाणी, हळद-कुंकू आणि पेटती उदबत्ती यांतलं काहीही थेट तिच्या मातीत जाऊ देऊ नका. दुधाने बुरशी धरते, साखरेने मुंग्या येतात, उदबत्तीचा निखारा वरची बारीक मुळं भाजतो. शेजारी वाळू भरलेली वाटी ठेवा, उदबत्त्या तिच्यात लावा. निरांजन खोडापासून वीतभर लांब.

हारांची फुलं फेकू नका. दोरा, जर, चमकी काढून पाकळ्या एका पोत्यात भरून ठेवा, खतासाठी लागतील.

आणि कुंड्या हलवू नका. पाहुण्यांना बसायला जागा हवी म्हणून गच्चीतल्या कुंड्या जिन्याखाली जातात आणि महिनाभर तिथेच राहतात. हलवायच्याच असतील तर प्रत्येक कुंडीच्या उत्तरेकडच्या बाजूला चुन्याची रेघ मारा आणि परत ठेवताना ती रेघ पुन्हा उत्तरेला करा. झाडाने ऊन ज्या बाजूने घेतलं, त्याच बाजूला त्याची पानं वळलेली असतात.

झाडांची यादी

महिनाभरात एक वही करा. डाव्या पानावर गच्चीचा किंवा अंगणाचा नकाशा, त्यात कुंड्यांना आकडे. उजव्या पानावर आकड्यापुढे झाडाचं नाव, कुंडीचा आकार, ऊन किती तास येतं आणि ते झाड कुठून आलं. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आणि सर्वांत लवकर हातातून निसटणारा. घरच्यांना तो क्वचितच ठाऊक असतो. कामाला येणाऱ्या बाईंना, माळ्याला, सकाळी फिरायला बरोबर जाणाऱ्या काकूंना विचारा. दुहेरी मोगऱ्याला बी धरत नाही, म्हणजे तिच्याकडचा मोगरा कोणाच्या तरी घरून फांदीनेच आलेला असणार. ते घर कोणतं, हे आत्ता विचारलं नाही तर पुढे सांगायला कोणी उरत नाही.

नावाची पट्टी कसली करायची, यात चुकल्याने पुष्कळ रोपं बेवारस होतात. स्केचपेनचं किंवा मार्करचं अक्षर माळव्याच्या उन्हात एका उन्हाळ्यात उडून जातं. पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर साध्या शिसपेन्सिलीने लिहिलेलं जास्त टिकतं. त्याहून टिकाऊ हवं असेल तर शीतपेयाचा रिकामा डबा कात्रीने कापा, बोटभर रुंद पट्टी काढा, खाली जाड वर्तमानपत्राची घडी ठेवा आणि संपलेल्या बॉलपेनने दाबून लिहा. अक्षर पत्र्यात कोरलं जातं, शाईचा प्रश्नच नाही. कडा धारदार असतात, दुमडून घ्या. पट्टी फांदीला तारेने करकचून बांधू नका. फांदी जाड होते आणि तार आत रुतते. मातीत खोचा.

आता तिचा बियांचा साठा. तो कुठे असतो हे सांगायला नको: औषधांच्या रिकाम्या बाटल्या, लग्नपत्रिकांची पाकिटं, देवघराच्या खणातली पुरचुंडी. निम्म्यांवर नाव नसतं. फेकण्याआधी उगवण तपासा. दहा बिया मोजून ओल्या सुती फडक्यावर ठेवा, गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा, रोज फडकं दमट आहे ना पाहा. दहा-बारा दिवसांनी मोजा. सात-आठ उगवल्या तर बी उत्तम. दोन-तीनच उगवल्या तर उरलेल्या सगळ्या याच हंगामात दाट पेरा, पुढच्या वर्षासाठी राखू नका. कांद्याचं बी वर्षा-दोन वर्षांत संपतं, भेंडीचं दोनेक वर्षं चालतं, टोमॅटो, दुधी, दोडका चार वर्षांनीही उगवतात. गोकर्णाच्या बीचं कवच कठीण असतं. बारीक सँडपेपरवर दोनदा घासून रात्रभर पाण्यात ठेवलं तर फरक पडतो.

माती आणि पाणी

माळव्याची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात तिला भेगा पडतात तशाच कुंडीतही पडतात, फक्त कडेने. दोन दिवस पाणी चुकलं की मातीचा गोळा कुंडीच्या भिंतीपासून सुटतो. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं, तळातून वाहतं, तुम्हाला वाटतं पोटभर झालं, आणि आतला गोळा कोरडाच. उपाय सोपा आहे. आधी थोडं पाणी घाला, पंधरा मिनिटं थांबा, माती फुगून फट बुजू द्या, मग उरलेलं घाला.

कुंडी बदलायची वेळ आली तर एक घमेलं काळी माती, एक घमेलं जाड रेती, एक घमेलं जुनं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. खत चांगलं कुजलेलं हवं. हातात घेतलं तर शेणाचा नव्हे, पावसाचा वास यावा. ताजं शेण मुळं जाळतं आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) आणतं.

बोरिंगचं पाणी वापरत असाल तर मातीवर आणि कुंडीच्या बाहेर पांढरी पापडी दिसेल. ते क्षार. वरची बोटभर माती खरवडून टाका आणि महिन्यातून एकदा नर्मदेच्या नाहीतर पावसाच्या पाण्याने कुंडी तळातून भरपूर वाहेपर्यंत धुवा. कढीपत्त्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर तेही याचंच लक्षण: चुनखडीच्या मातीत लोह असून झाडाला घेता येत नाही. ताक घालायची रीत जुनी आहे, थोडाफार उपयोग होतो. लवकर गुण हवा असेल तर १ लिटर पाण्यात २ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि लिंबाचे चार थेंब, संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा.

खताचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट इंदूरकरांनी अभिमानाने लक्षात ठेवावी. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी कंपोस्ट करायची रीत इथेच घडली. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत ती बसवली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. घरगुती मापात ती अशी: खाली काड्याकुड्या, त्यावर वीतभर वाळका पाला, मग चार बोटं हिरवा कचरा आणि ती हारांची फुलं, वर शेणाचा काला, त्यावर मूठभर राख आणि माती. हेच थर पुन्हा पुन्हा. ढीग निदान तीन फूट लांब, रुंद आणि उंच हवा, नाहीतर तो आतून तापत नाही. दोन आठवड्यांनी एकदा, महिन्याने दुसऱ्यांदा, दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा खालवर करायचा. तीन महिन्यांत खत. वास आला तर ओल जास्त झाली, वाळका पाला मिसळा. काहीच होत नसेल तर ढीग कोरडा आहे. गच्चीवर एवढी जागा नसेल तर भोकं पाडलेला ड्रम चालतो, फक्त वेळ दुप्पट धरा.

कलमं: कोणत्या झाडाचं कसं

इथे पाऊस जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धरतो. कलमांचा खरा हंगाम जुलै आणि ऑगस्ट. दुसरी संधी फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत रात्री इतक्या गार होतात की फांदी हिरवी राहते पण मूळ फुटत नाही. एप्रिल-मेमध्ये फुटण्याआधी वाळते. माणूस दिवाळीत गेलं असेल तर घाई करू नका, झाड फक्त जगवून ठेवा. अपवाद एकच: झाड जातंय असं दिसलं तर हंगाम न बघता आधी कलमं घ्या.

मोगरा. यंदाची कोवळी हिरवी फांदी नको आणि जुनी खरबरीत सालीची नको. मधली घ्या, वाकवली तर लवते पण दुमडत नाही अशी. जाडी उदबत्तीच्या काडीच्या दुप्पट. पाच-सहा इंच लांब, तीन-चार डोळे असलेली. खालचा छेद डोळ्याच्या लगेच खाली, सरळ. वरचा छेद तिरपा. हे दिसायला छान म्हणून नव्हे. दहा काड्या टेबलावर पडल्यावर वरची बाजू कोणती हे कळावं म्हणून. उलटी लावलेली काडी लागत नाही. खालची पानं काढून टाका, वरची दोन ठेवा आणि तीही अर्धी कापा.

माती अर्धी रेती, अर्धं कोकोपीट. शेणखत अजिबात नको, नवशिक्याची कलमं बहुतेक खतानेच कुजतात. कलमाच्या खालच्या टोकाला रूटिंग पावडर (मूळ फुटायला मदत करणारी भुकटी) लावा. आधी काडीने भोक पाडा, मग कलम सोडा. थेट खुपसलं तर रूटिंग पावडर वरच पुसली जाते आणि साल सोलते. दोन डोळे मातीत, बाकी वर. बोटांनी माती दाबा, पाणी घाला, पाण्याच्या मोठ्या बाटलीचा तळ कापून ती वर पालथी घाला, झाकण उघडं ठेवा. सकाळचं उजेडाचं ठिकाण, थेट ऊन नाही.

आता सगळ्यात अवघड काम: चार-पाच आठवडे काही न करणं. दोन आठवड्यांत कोवळं पान फुटतं आणि घरात आनंदीआनंद होतो. ते पान फसवं असतं, काडीतल्या साठ्यावर फुटलेलं. मूळ आलं का बघायला कलम उपटू नका. तुटणारे तंतू पुन्हा येत नाहीत. पारदर्शक ग्लासात लावलं असेल तर मुळं बाजूने दिसतात, नाहीतर तळाच्या भोकातून पांढरा धागा डोकावेपर्यंत थांबा. काडी खालून काळी पडली तर पाणी जास्त किंवा कात्री अस्वच्छ. सगळी व्यवस्था नीट असूनही निम्मी कलमं जातात. सहा रोपं हवी असतील तर बारा काड्या लावा.

जास्वंद याच रीतीने, फक्त काडी पेन्सिलीएवढी जाड. ती इतकी सोपी की मुलांच्या हातून हीच लावून घ्यावी.

चाफ्याची फांदी कापल्यावर चीक येतो. आठ-दहा दिवस सावलीत उभी ठेवून छेद वाळू द्या, मग लावा. लगेच लावली की सडते.

ब्रह्मकमळ म्हणून आपल्या घरोघरी असतं ते खरं तर निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. हिमालयातलं ब्रह्मकमळ निराळंच. पण ज्या घरात आजीने रात्री अकराला सगळ्यांना उठवून फूल दाखवलं असेल, तिथे हा तपशील कोणी ऐकून घेणार नाही, आणि घ्यावाही असं नाही. त्याचं ‘पान’ म्हणजे चपटं खोड असतं. वीतभर तुकडा कापा, दोन-तीन दिवस सावलीत सुकवा, वाढीची दिशा तीच ठेवून दोन बोटं रेताड मातीत लावा. फुलायला दोन-तीन वर्षं लागतात. दरम्यान त्याला मोठी कुंडी देऊ नका; मुळं जरा अडचणीतच असली की ते बरं फुलतं.

कढीपत्त्याची छाटकलमं करायच्या भानगडीत पडू नका. बुंध्याभोवती मुळांतून आलेले फुटवे असतात. जुलैच्या सुरुवातीला फुटवा आणि मूळ झाड यांमधलं मूळ कुदळीने तोडा, पण फुटवा जागेवरच ठेवा. तीन आठवड्यांनी मातीच्या गोळ्यासकट उचला. एका दिवसात दोन्ही केलं तर तो मान टाकतो. बियांपासून करायचं तर पिकलेली काळी फळं काढून, गर धुऊन त्याच आठवड्यात पेरा. ठेवलेलं बी उगवत नाही.

प्राजक्त बियांनीच करा. वाळलेली चपटी बोंडं फोडली की दोन भागांत एकेक बी मिळतं. हे मात्र त्या झाडाचं मूल असणार, तेच झाड नव्हे. तसंच आंब्याचं: कोय लावून तिचा आंबा मिळेल याची खात्री नाही.

तुळस दोन-तीन वर्षांत खोडाशी लाकूड होते आणि संपते. ती जायची वाट बघू नका. तुळशीच्या लग्नानंतर मंजिऱ्या वाळतात, त्या चोळून बी ठेवा, फाल्गुनात ओल्या मातीवर नुसतं भुरभुरवा. वर माती घालू नका, बी फार बारीक असतं. उगवल्यावर चार पानांवर शेंडा खुडा. जानेवारीतल्या ज्या रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो, त्या रात्री तुळशीवर जुनी सुती साडी टाका. आजीची असेल तर उत्तमच.

वाडा विकायचा असेल तर

रामबागेसारख्या जुन्या वस्त्यांतले वाडे पाडून इमारती होत आहेत, तेव्हा ही अडचण पुष्कळांची. मोठं झाड उपटून नेणं खर्चाचं आणि बहुधा वाया जाणारं काम. त्यापेक्षा गुटी कलम करा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटू द्या, पण त्याला एक अख्खा पावसाळा लागतो. करारावर सही करण्याआधी तेवढा वेळ मागून घ्या.

पेरू, डाळिंब, लिंबू, मधुमालती यांना गुटी चांगली लागते. जुलैत वर्षभराची, अंगठ्याहून थोडी बारीक फांदी निवडा. शेंड्यापासून हात-दीड हात खाली, २.५ सेंटिमीटर रुंदीचं सालीचं कडं पूर्ण काढा. खालचं लाकूड निसरडं लागतं. ते बुळबुळीत आवरण चाकूच्या पाठीने खरवडून कोरडं करा. इथेच बहुतेकांची गुटी फसते: आवरण राहिलं तर साल पुन्हा जुळते आणि दोन महिन्यांनी सोडून बघावं तर जखम भरलेली, मूळ एकही नाही. कड्याच्या वरच्या कडेला रूटिंग पावडर लावा, पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (वाळकं शेवाळ) मूठभर गुंडाळा, वर पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीने करकचून. वरचं टोक सैल राहिलं तर पाऊस आत जातो आणि मॉस कुजतं. चाळीस ते साठ दिवसांत प्लास्टिकमधून मुळं दिसतात. पांढरी असताना थांबा, तपकिरी होऊ लागली की गुटीच्या खाली अर्धी फांदी कापा, आठवड्याने पूर्ण. निम्मी पानं काढून कुंडीत लावा आणि महिनाभर सावलीत.

आंब्याचं कलम रोपवाटिकेतल्या जाणकाराकडून बांधून घ्या. तुम्ही फक्त तिच्या झाडाची काडी नीट पोचवायची. पेन्सिलीएवढ्या जाड, तीन-चार महिन्यांच्या काड्या हेरा. कापायच्या आठ-दहा दिवस आधी त्यांची पानं काढा, देठ ठेवा, डोळे फुगतात. कापल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी न्या.

झाड लावायचं तर

खड्डा मे महिन्यात घ्या, दोन फूट लांब, रुंद, खोल. महिनाभर उन्हाने तापू द्या. काळ्या मातीत खड्ड्याच्या भिंती कुदळीने गुळगुळीत झालेल्या असतात. त्या खरवडून ओबडधोबड करा, नाहीतर मुळं कुंडीत असल्यासारखी आतल्या आत फिरतात. दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावर रोप लावा, बुंध्याशी माती थोडी उंच ठेवा. घराला लागून प्राजक्त, बकुळ, लिंबू. वड-पिंपळ इमारतीपासून चाळीस फूट तरी लांब, आणि कॉलनीच्या बागेत लावायचं तर आधी परवानगी.

रक्षा खड्ड्यात घालायची इच्छा अनेकांची असते. राख तीव्र अल्कधर्मी असते आणि इथली माती आधीच त्या बाजूची. म्हणून मूठभरच घ्या, पाच घमेली मातीत मिसळा, खड्ड्याच्या बाहेरच्या कडेने पसरा, मुळांना लागू देऊ नका. उरलेली नर्मदेला.

झाडावर नावाचा खिळा नको, बुंध्याभोवती सिमेंटचं कडंही नको. पहिल्या पावसाळ्यात झाड तरारतं आणि सगळे निर्धास्त होतात. घात दुसऱ्या मे महिन्यात होतो. तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा १५ ते २० लिटर पाणी कोण घालणार, त्याचं नाव लावायच्या दिवशीच ठरवा.

पाखरं

ती पाखरांसाठी सकोरा (पाण्याचं उथळ मातीचं भांडं) भरत असेल तर तो तिच्याच वेळेला भरा. पाखरं वेळ पाळतात. सकोरा फूटभर रुंद आणि दोन इंचांहून उथळ, मध्ये एक चपटा दगड, सावलीत, मांजराला उडी घेता येणार नाही अशा जागी. पाणी रोज बदला. दोन-तीन दिवसांनी काथ्याने कडा घासा, साबण नको. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. दाणे मूठभर ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी. संध्याकाळी उरलेलं उचला, नाहीतर उंदीर येतात. शेव घालू नका. इंदूरकराला हे पटायला जड जाईल, पण मिठाचं आणि तळलेलं चिमणीला सोसत नाही.

फुलं टिपून ठेवायची तर

थोडक्यात: पावसाळ्यात करू नका, बुरशी येते. गोकर्ण आणि शेवंतीच्या पाकळ्या वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवा, वर सात-आठ किलोचं वजन, पहिले चार दिवस कागद रोज बदला. मोगरा तपकिरी होतो, त्याचा हट्ट धरू नका. प्राजक्ताचा देठ रंग राखतो, पाकळ्या नाही. पिंपळाचं पान मात्र सुंदर होतं: तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, पाणी तिसऱ्या दिवशी बदला, वास सहन करा. गर मऊ झाला की बशीत घेऊन जुन्या टूथब्रशने देठाकडून कडेकडे हलक्या हाताने थोपटा. घासू नका. शेवटी नुसती शिरांची जाळी उरते. ती वहीच्या पानावर सुकवा, त्याच झाडांच्या यादीच्या वहीत.

वर्षश्राद्धाला रोपं देताना

जुलैत लावलेलं कलम ऑक्टोबरअखेर सहा इंचांच्या कुंडीत स्थिर होतं. त्याआधीची तिथी असेल तर रोप देण्याची घाई करू नका, नाव सांगून ठेवा आणि थंडी संपली की द्या. आधी कामाच्या बाई, माळी आणि शेजारच्या काकू, मग नातेवाईक. जवळ राहणारे सांभाळतात आणि तुमचं गेलं तर त्यांच्याकडून परत आणता येतं. एकाच घरी पाच रोपं देण्यापेक्षा पाच घरी एकेक.

लांब जाणाऱ्यांना कुंडी देऊ नका. रोप काढून मुळांभोवतीची माती हलकेच झटका, ओल्या वर्तमानपत्रात मुळं गुंडाळा, वर प्लास्टिकची पिशवी, पण पानं उघडी. बसने पुण्याला रात्रभराचा प्रवास, तेवढं सहज निघतं. डिकीत टाकू नका, पायाशी ठेवा. पोचल्यावर त्याच दिवशी लावायचं आणि चार दिवस सावली. सोबत चिठ्ठी द्या. शुभेच्छांची नव्हे, कामाची. या मापाची:

‘मोगरा, दुहेरी. आजीच्या गच्चीवरची ७ नंबरची कुंडी. तिने बिलावलीच्या मावशींकडून आणला होता. बोट घालून मगच पाणी. ऊन पाच तास. जानेवारीच्या शेवटी पाणी तोडणे, पानं काढणे, तिसरा हिस्सा छाटणे, मग शेणखत. पहिल्या वर्षी कळ्या कमी येतात. कलमं जुलैत.’